दोन रात्री, दोन बाटल्या आणि हॉटेलचं नाव

ताई-भाऊजींच्या लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी कुठे राहायचं हे मी सुचवलं होतं. त्यामुळे परत आल्यावर बॅग जमिनीला टेकायच्या आत ताईने "नाव मोठं, लक्षण खोटं" असं जाहीर केलं, तेव्हा निम्मा टोमणा हॉटेलला होता आणि निम्मा मला. तिच्या मागून आलेले भाऊजी बुटांच्या नाड्या सोडत म्हणाले, "मला विचाराल तर मी उद्या परत जाईन." दोघं एकाच खोलीत, त्याच दोन रात्री राहिले होते.

मी बावीस वर्षं हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये काढली. सुरुवात मजल्यावरच्या खोल्या आवरण्यापासून झाली, शेवटची काही वर्षं सुपरवायझरांना शिकवण्यात गेली. शिकवताना आमची एक ठरलेली रीत होती. पाहुण्याची तक्रार आली की लगेच निकाल द्यायचा नाही, आधी त्याचा मुक्काम तासातासाने उलगडायचा: कोणी काय पाहिलं, कोणी कोणाला सांगितलं, निरोप कुठे अडकला. ताई-भाऊजींच्या मुक्कामाचंही मी तेच केलं. बुकिंगचा मेल, बिल, ताईच्या फोनमधले फोटो (फोटोवर वेळ असते, आठवणीवर नसते) आणि दोघांना वेगवेगळं बसवून विचारलेले प्रश्न, एवढं साहित्य. ताई म्हणाली, "तू पोलिसात का नाही गेलीस?"

हॉटेलचं नाव लिहीत नाही. जुनं आहे, मानाचं आहे, आणि तिथे राहून आलेले लोक पुढे कितीतरी वर्षं तो विषय कसाही करून गप्पांत आणतात, एवढं पुरे.

नाव नेमकं कशाचं

सेझार रिट्झ यांनी १८९८ मध्ये पॅरिसमध्ये आपल्या नावाचं हॉटेल उघडलं. खोलीला जोडून न्हाणीघर, खोलीत वीज, खोलीत टेलिफोन, या गोष्टींचं तेव्हा अप्रूप होतं. त्या देणाऱ्या युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या हॉटेलांत त्याची गणना होते. आज यातलं काय साध्या लॉजमध्ये मिळत नाही? विकत आणता येणारी कुठलीही गोष्ट शेजारचाही विकत आणतो. १९९९ मध्ये वेस्टिन या हॉटेल-साखळीने आपल्या पलंग-गादीला खास नाव देऊन तिचीच जाहिरात केली, आणि थोड्याच काळात बाकीच्या साखळ्यांनी आपापल्या गाद्या बदलायला घेतल्या. संगमरवर, झुंबर, उशा, न्हाणीघरातला पाऊस पाडणारा शॉवर, हे सगळं त्याच वाटेने जातं. रिट्झ यांचं नाव मागे राहिलं ते पाहुण्यांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवण्यामुळे. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नसे.

ताऱ्यांवरून यातलं काही कळत नाही. सगळ्या जगाला लागू होणारी ताऱ्यांची एकच पद्धत अस्तित्वातच नाही. देशोदेशी निकष वेगळे, आणि त्यांतले बरेचसे फुटपट्टीने मोजता येणारे: खोली केवढी, लिफ्ट आहे का, रिसेप्शन चोवीस तास उघडं असतं का. दुबईच्या बुर्ज अल अरबला लोक सर्रास 'सात तारे' म्हणतात, पण असा अधिकृत दर्जा त्याला कोणी दिलेला नाही. याउलट हॉटेलांना दर्जा देणारं फोर्ब्स ट्रॅव्हल गाइड (१९५८ मध्ये हे मोबिल या तेल कंपनीच्या नावाने सुरू झालं) निनावी परीक्षक पाठवतं. त्यांच्याकडे नऊशेपर्यंत निकष असतात, आणि इमारतीपेक्षा सेवेला जास्त वजन असतं.

म्हणजे नावाजलेल्या हॉटेलात आपण पैसे मोजतो ते मुख्यतः एका गोष्टीचे: एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागू नये. या मुक्कामात ताईने असे तीन निरोप दिले होते, आणि सगळं प्रकरण त्या तीन निरोपांभोवती फिरतं.

त्यातले दोन निरोप घरूनच दिले होते. बुकिंग माझ्या सांगण्यावरून एका साइटवरून झालं, कारण तिथे दर थोडा कमी पडत होता. ही माझी चूक, आणि बावीस वर्षांनंतर ती व्हायला नको होती. साइटवरचं बुकिंग हॉटेलच्या सिस्टिममध्ये उतरतं तेव्हा नाव, तारखा, खोलीचा प्रकार आणि पैसे व्यवस्थित येतात. 'विशेष सूचना' या चौकटीत लिहिलेलं कधी येतं, कधी अर्धवट कापून येतं, कधी अशा रकान्यात जाऊन पडतं की तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ताईने त्या चौकटीत दोन वाक्यं लिहिली होती. लग्नाचा तिसावा वाढदिवस आहे. आणि यजमान इन्सुलिनवर आहेत, औषध ठेवायला फ्रिज हवा.

अकरा ते तीन

ते सकाळी अकराला पोचले. चेक-इन तीनला होतं, हे मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं आणि ताईने वाचलंही होतं. तरी तिची अपेक्षा होती की एवढं नाव असलेलं हॉटेल लगेच खोली देईल.

इथे मी हॉटेलच्या बाजूने बोलते. आदल्या रात्री हॉटेल जवळपास भरलेलं होतं. आधीचे पाहुणे बाराला खोल्या सोडतात. अशी सोडलेली खोली नीट करायला चांगल्या हॉटेलात एका माणसाला पाऊण तास लागतो, मग सुपरवायझर तपासते, मग ती खोली फ्रंट ऑफिसला, म्हणजे रिसेप्शनवाल्यांना, 'तयार' दिसते. लवकर तयार होणाऱ्या चार खोल्या नेहमी येणाऱ्यांसाठी आणि थेट हॉटेलकडे बुकिंग केलेल्यांसाठी आधीच ब्लॉक केलेल्या असतात. पहिल्यांदा येणारा, साइटवरून आलेला, दोनच रात्रींचा पाहुणा त्या रांगेत शेवटी असतो. कोणी तोंडावर सांगत नाही, पण रांग असते. मी स्वतः ती लावलेली आहे.

तेव्हा थांबावं लागलं यात चूक नव्हती. चूक ज्या शब्दांनी थांबवलं त्यांत होती. ताईने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा उत्तर मिळालं, "थोड्या वेळात होईल, मॅडम." डेव्हिड मैस्टर यांनी १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला होता, तो हॉटेल-व्यवसायात अजून शिकवला जातो. त्यातलं साधं निरीक्षण असं: किती वेळ थांबायचंय हे माहीत असलं की तोच वेळ कमी वाटतो, आणि का थांबायचंय हे माहीत असलं तर आणखी कमी. "पावणेतीनच्या आधी होणार नाही, सामान आमच्याकडे ठेवा, बाहेर फिरून या" असं अकरा वाजता सांगितलं असतं तर ताई फिरून आली असती. त्याऐवजी ती चार तास लॉबीतल्या सोफ्यावर लिफ्टचं दार बघत बसली. तिच्या फोनमध्ये त्या सोफ्यावरून काढलेले झुंबराचे चौदा फोटो आहेत.

खोली मिळाली ती सर्व्हिस लिफ्टच्या शेजारची. तशी खोली कोणाला तरी द्यावीच लागते, आणि ती कोणाला जाते ते वर आलंच आहे. पहाटेपासून ट्रॉल्यांची चाकं वाजत. दाराजवळ गालिच्याचा सांधा उसवलेला होता, ताईने त्याचाही फोटो काढलाय. याबद्दल एवढंच सांगते की बऱ्याच मोठ्या हॉटेलांत पाटीवरचं नाव एकाचं आणि इमारत दुसऱ्याची असते. नाववाली कंपनी करारावर हॉटेल चालवते, उत्पन्नातून आपली फी घेते. गालिचे, फर्निचर, पडदे यांसाठी उत्पन्नाचा काही हिस्सा, साधारण ४ टक्के, बाजूला ठेवायची रीत आहे, पण तो खर्च करायला मालकाचा होकार लागतो. गालिचा कधी बदलायचा यावर मालक आणि चालवणारे वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करतात. उसवलेला सांधा हा बहुतेक वेळा त्या पत्रव्यवहाराचा असतो, आळशीपणाचा नव्हे. अर्थात पाहुण्याने हे समजून का घ्यावं? त्याने तर पाटी वाचून पैसे भरलेले असतात.

पोहण्याचा तलाव, स्पा, सकाळचा नाश्ता याबद्दल दोघांचं एकमत: फोटोत होतं तसंच होतं.

आणि त्या पहिल्या संध्याकाळी एक बारीकशी गोष्ट झाली, जी ताईने मला दुसऱ्या दिवशीच्या चौकशीत सांगितली, पहिल्या दिवशी नाही. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पलंगावर पाकळ्या पसरल्या होत्या, मध्ये एक कार्ड उभं होतं. ताईने आपल्या खोलीत येऊन पलंगाकडे पाहिलं. पांढरीशुभ्र चादर, बाकी काही नाही. "मला पाकळ्या नको होत्या गं," ती म्हणाली, "पण मी लिहिलं होतं ना." पहिला निरोप पोचला नव्हता.

फ्रिज

आता दुसरा. भाऊजींना या मुक्कामानंतर पुढे आठ-दहा दिवसांचा प्रवास होता, म्हणून त्यांच्याजवळ वापरातल्या पेनाखेरीज इन्सुलिनची तीन सीलबंद पेनं होती. वापरातलं पेन काही आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं. न उघडलेली पेनं मात्र २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. खोलीत मिनिबार (विकतच्या पेयांचं छोटं गार कपाट) दिसला, तेव्हा भाऊजींना वाटलं आपण लिहिलेलं यांनी वाचलंय. जागा करायला त्यांनी दोन छोट्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या, पेनं आत ठेवली आणि ते निर्धास्त झाले.

दोन गोष्टी त्यांना माहीत नव्हत्या, आणि बहुतेक पाहुण्यांना नसतात.

एक, मिनिबार हा दिसायला फ्रिज असला तरी घरच्या फ्रिजसारखा नसतो. पलंगापासून चार हातांवर रात्रभर घरघर नको म्हणून त्यात बहुधा कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाच्या शोषणावर चालणारी बिनआवाजाची यंत्रणा असते. ती हळू गार करते आणि बाहेरच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनीच खाली जाते. त्यातून तो लाकडी कपाटात कोंडलेला, मागे हवा खेळत नाही. आत दहा-बारा अंश असणं अगदी नेहमीचं. पेयाला ते पुरतं, इन्सुलिनला नाही.

दोन, काही मिनिबारमध्ये प्रत्येक बाटलीच्या खाली किंवा मागे सेन्सर असतो. बाटली उचलून काही सेकंदांत परत ठेवली नाही, तर ती प्यायली असं समजून रक्कम आपोआप बिलावर चढते. तसं लिहिलेलं कार्ड टेबलाच्या खणात, फोल्डरमध्ये, टेलिफोनच्या यादीमागे होतं. मी फोटोवरून शोधून काढलं, तेही चष्मा लावून.

संध्याकाळी सातच्या सुमारास टर्नडाउनसाठी रूम अटेंडंट आली. पडदे ओढायचे, चादरीची घडी मोडून ठेवायची, कचरा उचलायचा, पाणी ठेवायचं, दहा मिनिटांचं काम. ताई खाली गेली होती, भाऊजी पाय वर करून वाचत होते. त्या मुलीने टेबलावर दोन बंद बाटल्या पाहिल्या. बंद बाटल्या बाहेर का, म्हणून मिनिबार उघडून पाहिला. पेनं दिसली. तिने त्यांना हात लावला नाही. भाऊजींच्या शब्दांत पुढचं असं: "ती म्हणाली, सर, रागावू नका, मी उघडून पाहिलं. हा औषधासाठी पुरेसा गार होत नाही. चालेल का, मी दुसरा आणते? मी म्हटलं, आण बाई. वीस मिनिटांत ती आणि एक मुलगा छोटा फ्रिज घेऊन आले. तिने आत थर्मामीटर ठेवला आणि म्हणाली, आत्ता लगेच ठेवू नका, पाचवर आला की ठेवा."

बहुतेक चांगल्या हॉटेलांच्या स्टोअरमध्ये असे एक-दोन छोटे फ्रिज औषधांसाठी ठेवलेले असतात. मागितले तर मिळतात. इथे ते न मागता मिळालं, किंवा खरं तर मागितलेलं हरवलं होतं आणि तिने ते दोन बाटल्यांवरून पुन्हा वाचून काढलं.

पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. सकाळच्या पाळीत वेगळी मुलगी होती. दार उघडल्यावर ती भाऊजींना आधी विचारती झाली, "रात्रभर तापमान ठीक राहिलं ना, सर?" म्हणजे संध्याकाळच्या मुलीने ते मजल्याच्या लॉगबुकात लिहिलं होतं, आणि सकाळच्या मुलीने पाळी सुरू करताना ते वाचलं होतं. मी शिकवलेल्या शंभर जणांपैकी किती लिहीत आणि किती वाचत हे मला ठाऊक आहे. साध्या हॉटेलात एका पाळीत एकेकीच्या वाट्याला चौदा-पंधरा खोल्या येतात, तिथे लॉगबुक वाचायला उसंत नसते. चांगल्या हॉटेलात तो आकडा खाली आणलेला असतो, आणि पाहुणा जे जास्तीचे पैसे देतो त्यातला मोठा भाग इथे जातो. दहा मिनिटांच्या कामात बाटली बंद का आहे असा प्रश्न पडायला डोक्यात थोडी मोकळी जागा लागते, ती पगारी असते.

त्या रात्री भाऊजी झोपले ते सरळ सातला उठले. "गादी चांगली होती?" मी विचारलं. "गादीचं आठवत नाही," ते म्हणाले, "पेनं पाचवर होती."

ताईला ही सगळी हकीकत भाऊजींनी जेवताना सांगितली. तिने ऐकली, चांगलं झालं म्हणाली. पण ती त्या वेळी खोलीत नव्हती. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवलं.

सात वाजून दहा मिनिटं

चेकआउटला ताई एकटी उभी होती, भाऊजी सामानाजवळ. गाडी गाठायची होती. बिलावर मिनिबारमधल्या दोन पेयांची रक्कम होती. ताई म्हणाली, आम्ही काही घेतलं नाही, बाटल्या टेबलावर आहेत, बंद आहेत. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "सिस्टिममध्ये दिसतंय, मॅडम."

हा तिसरा निरोप. तो फक्त ताईने नाही, दोन पाळ्यांच्या दोन मुलींनी दिला होता. बाटल्या बाहेर का आहेत हे हाउसकीपिंगच्या वहीत शाईने लिहिलेलं होतं. ती वही तिसऱ्या मजल्यावर. बिल तळमजल्यावर, दुसऱ्या सिस्टिममध्ये. मधलं अंतर लिफ्टने चाळीस सेकंदांचं. काउंटरवरच्या मुलाला रक्कम काढण्याचा अधिकार नव्हता. ड्यूटी मॅनेजरला बोलवावं लागलं, तो दुसऱ्या कोणाच्या तरी तक्रारीत होता. ताईच्या मागे रांग वाढत होती आणि रांगेतले लोक, तिच्या मते, दोन पेयांसाठी भांडणारी बाई बघत होते. अठरा मिनिटं.

शेवटी मॅनेजर आला, त्याने नम्रपणे ऐकलं आणि म्हणाला, "काही हरकत नाही, या वेळी काढून टाकतो."

मी ताईला विचारलं, अठरा मिनिटं जास्त लागली की रांग? ती म्हणाली, "'या वेळी' लागलं. म्हणजे आम्ही प्यायलो होतो आणि त्याने माफ केलं?"

रिट्झ-कार्लटन या हॉटेल-साखळीतला एक नियम या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो: पाहुण्याची अडचण सोडवायला प्रत्येक कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा. लोक त्यातला आकडा लक्षात ठेवतात. त्यातलं कामाचं आहे ते 'न विचारता'. आपल्या गोष्टीतल्या काउंटरवरच्या मुलाला दोन बाटल्यांएवढीही मुभा असती, तर तो "माफ करा, सेन्सरने घोळ केला" एवढं म्हणून पुढच्या पाहुण्याकडे वळला असता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या हातात होता तो फक्त स्क्रीन, आणि त्याने तो दाखवला.

दोघांतलं कोण बरोबर

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३२ जणांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, त्यांत पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. तिसऱ्यांदा यातलं कोणतं करशील असं विचारल्यावर २२ जणांनी जास्त वेळ चाललेला प्रकार निवडला. एकूण त्रास त्यात जास्त होता, पण शेवट जरा बरा होता. आठवण सगळ्या वेळाची बेरीज करत नाही, ती टोकाचा क्षण आणि शेवटचा क्षण उचलते.

ताईच्या हिशेबात टोकाचा क्षण शेजारच्या पलंगावरच्या पाकळ्या आणि शेवटचा 'या वेळी'. भाऊजींच्या हिशेबात टोकाचा क्षण थर्मामीटर, आणि शेवट त्यांनी पाहिलाच नाही, ते सामानाजवळ दाराशी उभे होते आणि दारवान त्यांच्याशी हवामानाबद्दल बोलत होता. दोघंही खरं सांगत होते. फक्त दोघांनी मुक्कामाचे वेगवेगळे तुकडे घरी आणले होते.

इथवर समजुतीचं झालं. पण शिकवताना मी एवढ्यावर कोणाला सोडत नसे, म्हणून स्वतःलाही सोडत नाही. हॉटेल आपल्या नावाला जागलं का?

१९८० च्या दशकात पराशुरामन, झाइथमल आणि बेरी या तिघा संशोधकांनी सेवेचा दर्जा मोजण्याची एक पद्धत बसवली. त्यात पाच बाजू धरल्या: भरवसा, तत्परता, खात्री वाटणं, आपुलकी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. ग्राहकांना सांगितलं, १०० गुण या पाचांत वाटा. सरासरी ३२ गुण भरवशाला मिळाले, आणि दिसणाऱ्या गोष्टींना सगळ्यांत कमी, ११. भरवसा म्हणजे सांगितलं तेवढं बिनचूक करणं. ताईच्या तीन निरोपांपैकी एक बेपत्ता, एक हरवून सापडला, एक वरच्या मजल्यावर अडकला. या मापाने हॉटेल नापास आहे, आणि झुंबराचे चौदा फोटो त्याला वाचवू शकत नाहीत.

मग भाऊजी चुकले? नाही. चूक झाल्यावर ती मनापासून सावरली तर पाहुणा चूक न झालेल्या पाहुण्यापेक्षाही जास्त खूश होऊ शकतो, हे या क्षेत्रात बऱ्याच वर्षांपासून नोंदलेलं आहे. १९९२ मध्ये मॅककॉला आणि भारद्वाज यांनी त्याला नावही दिलं, सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स. फ्रिजची गोष्ट त्याचा चोख नमुना. पण नंतरच्या अभ्यासांत हेही दिसलं की हे एका चुकीपुरतं चालतं. दुसरी चूक झाली की पहिल्या वेळची सावरासावर फार कामी येत नाही. भाऊजींच्या वाट्याला एक चूक आली, ताईच्या वाट्याला तीन. एकाच बिलावर.

माझा निकाल असा, आणि ताईला तो अर्धाच पटलाय: नाव खोटं नव्हतं, पण ते सगळ्या इमारतीचं नव्हतं. ते तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वहीत होतं, आणि वहीचं पान लिफ्टने खाली आलं नाही. मी अशा हॉटेलांत काम केलंय जिथे संगमरवर कमी होता आणि सकाळच्या साडेआठच्या बैठकीत हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस आणि किचन उभ्याउभ्या दहा मिनिटं एकमेकांना रात्रीच्या गोष्टी सांगत. पाहुण्यांना ती बैठक कधी दिसत नसे. ती बंद पडली की मात्र दोन-तीन आठवड्यांत तक्रारींच्या वहीत दिसायला लागे.

माझ्या बाजूने तीन गोष्टी मी करायला हव्या होत्या, त्याही लिहून ठेवते, कारण प्रकरणात माझाही हात आहे. बुकिंग थेट करायला हवं होतं, किंवा निदान दोन दिवस आधी फोन करून सूचना तोंडी सांगून, घेणाऱ्याचं नाव टिपून ठेवायला हवं होतं. मिनिबार आधीच रिकामा करून कुलूप लावून ठेवा असं सांगता येतं, हॉटेलं ते आनंदाने करतात. आणि बिल आदल्या रात्री मागवून बघायचं, सकाळी रांगेत नाही. हे मी वीस वर्षं लोकांना सांगत आले. बहिणीला सांगायचं राहिलं.

हॉटेलकडून अभिप्रायाचा फॉर्म आला, एक ते दहा गुण द्या म्हणून. चौकट एकच होती. ताई पाच म्हणाली, भाऊजी दहा, आणि साडेसात लिहायची सोय नव्हती, म्हणून फॉर्म तसाच पडून आहे. खाली मोकळ्या जागेत भाऊजींनी संध्याकाळच्या त्या मुलीचं नाव, नावपट्टीवरून आठवून, टाइप करून ठेवलंय. पाठवलेलं नाही.

परवा ताईचा फोन आला. पुढच्या वर्षी पुन्हा त्या बाजूला जायचं घाटतंय. मी म्हटलं, दुसरं हॉटेल बघू का? ती जरा थांबली.

"नको," ती म्हणाली. "पण ती पोरगी अजून तिथेच आहे का, ते तुझ्या ओळखीतून कळेल का बघ. असली तर तिथेच करू."

मी एका जुन्या सहकाऱ्याला विचारून ठेवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.